माऊच्या सात पिशव्या

दुपारी एक ते तीन या वेळात आमच्या दाराची बेल वाजवणाऱ्या माणसाचं मी काय करीन याचा नेम नाही. कुरियरवाल्याला ते ठाऊक आहे, गॅसवाल्याला ठाऊक आहे. विजेचं मीटर बघायला येणाऱ्यानं एकदाच माझं तोंड ऐकलं, तेव्हापासून तो बिचारा खिडकीतून नुसता हात हलवतो. त्या वेळात आतल्या खोलीत मुलं झोपलेली असतात, आणि दुसऱ्यांची मुलं झोपवणं एवढंच काम माझ्या थोरल्या बहिणीनं सव्वीस वर्षं केलं.

तिला सगळी गल्ली माऊ म्हणते. पहिल्या खेपेच्या कुठल्याशा पोराला ‘मावशी’ म्हणता येईना, त्यानं माऊ केलं आणि तेच चिकटलं. आता ते पोर स्वतः दाढीबिढी ठेवून हिंडतं, तरी गल्लीच्या तोंडाशी दिसली की ओरडतं, “माऊ, जेवलीस का?” मी मात्र तिला ताईच म्हणते.

ताई पूर्वी कपडे शिवायच्या कारखान्यात कॉलर लावायची. मुलगी झाली, तिला सांभाळायला कुणी नाही, म्हणून नोकरी सोडली. तर शेजारच्या मशीनवरच्या दोघी आपापली बाळं घेऊन दारात उभ्या: तू घरीच आहेस तर आमचंही बघ. झालं. तळमजल्याच्या दोन खोल्यांत पाळणाघर सुरू झालं. पुढे बालकल्याण कार्यालयात नोंदणी केली, दाराला जाळी बसवली, प्लगच्या भोकांना टोप्या लावल्या. माझी नोकरी संपल्यावर मीही येऊन राहिले, त्याला नऊ वर्षं झाली.

दिसायला म्हणाल तर ठेंगणी, हात मात्र परातीएवढे. उभी राहिली की डावी कंबर आपोआप बाहेर, जणू तिथं कुणीतरी बसलेलंच आहे. बोलणं मोजकं. गाणं तर विचारूच नका. तिनं एकदा अंगाई म्हणायचा प्रयत्न केला तर झोपलेली दोन मुलं उठली. तरी सव्वा एकला पडदा ओढायचा आणि दीडला सगळी पोरं चिडीचूप. अकरा मुलं असली तरी तेच आणि तीन असली तरी तेच. नवीन आया डोळे विस्फारून विचारायच्या, करता तरी काय तुम्ही?

करते काय, सांगते. पहिल्या दिवशी ती आईकडून एकच गोष्ट मागून घेते: अंगातला कपडा. रात्रभर घातलेला गाऊन, टी-शर्ट, जुना स्वेटर, काहीही चालतं. पण धुतलेला नको, इस्त्रीचा नको, अत्तर मारलेला तर मुळीच नको. बायका लाजून चूर व्हायच्या. बँकेतल्या एका साहेबीणबाईंनी कोरा करकरीत शर्ट आणला होता, त्याचं लेबलही काढलेलं नव्हतं. ताईनं हातात घेतला, नाकाला लावला आणि परत दिला. म्हणाली, “हा दुकानाचा आहे, तुमचा नाही.” एका मुलाला वडीलच वाढवत होते, त्यांचा बनियन होता आमच्याकडे. कपडा पिशवीत घालायचा, पिशवीला घट्ट गाठ मारायची, गाठीला मुलाच्या नावाची चिठ्ठी ओवलेला दोरा. झोपताना तेवढी गाठ सोडायची आणि कपडा गालाशी द्यायचा. पोर दोनदा हुंगतं, तिसऱ्यांदा नाक खुपसतं आणि गेलं.

मला हे शिकायला वर्षं लागली. कपडा देणं सोपं आहे हो, पण कधी द्यायचा, मांडीवर घ्यायचं की गादीवर ठेवायचं, थोपटायचं की नुसता हात ठेवायचा, हे प्रत्येकाचं वेगळं. आठ वर्षांनी ताईनं दोन मुलं माझ्या हवाली केली. त्यातला एक ठेंगू. दीड वर्षाचा, पण उंचीला आठ महिन्यांच्या पोराएवढा, आणि आवाज चौपट. तो फक्त माझ्याच उजव्या मांडीवर झोपायचा. मी पाय हलवला की एक डोळा उघडून माझ्याकडे असा बघायचा की मी अपराधी.

आता त्या बाईकडे येते. नुसतं आठवलं तरी माझं डोकं फिरतं.

तिला आम्ही टापटीप म्हणायचो. आमच्याकडे चार वर्षं कामाला होती. आली तेव्हा तिला पोराचं नाक पुसता येत नव्हतं, मान वळवून पुसायची. ताईनं तिला सगळं शिकवलं: दात येतानाचं रडणं वेगळं, कान दुखतानाचं वेगळं, आईची आठवण आल्याचं वेगळं. एका गोष्टीशी मात्र तिचं कधी जमलं नाही, ते कपडे. दोन बोटांत धरायची. “शी माऊ, वास मारतोय, एकदा धुऊन घेऊ का?” ताई म्हणायची, “नको.” का नको ते ताईनं सांगितलं नाही. तिला वाटलं, इतकं उघड आहे ते काय सांगायचं. टापटीपला वाटलं, म्हातारीला धुण्याचा कंटाळा.

चौथ्या वर्षी ती म्हणाली, मी माझं सुरू करते. ताईनं आनंदानं होकार दिला, वर आमच्याकडचे दोन पाळणे दिले. आणि बाईनं जागा कुठं घ्यावी? समोरच! आमच्या खिडकीसमोर तिची खिडकी. गल्ली इतकी अरुंद की तिकडे मिक्सर लागला की इकडे आमचं बोलणं बंद. भिंतींवर हत्ती-जिराफ रंगवले, चटया एका रंगाच्या, स्वतः पांढरा एप्रन. रंगव बाई, आमची ना नव्हती.

दहा महिन्यांपूर्वी एका सकाळी बालकल्याण कार्यालयाची अधिकारीण दारात. हातात निनावी पत्र. माऊ मुलांना झोपेचं औषध देते, म्हणून पंधरा मिनिटांत सगळी झोपतात, आणि बाटली फ्रिजच्या तिसऱ्या कप्प्यात निळ्या डब्यामागे असते. बाटली होती. अगदी तिथेच होती. एका मुलाच्या खोकल्याची, डॉक्टरांची चिठ्ठी रबराला गुंडाळलेली. पण निळा डबा! आमच्या फ्रिजमध्ये निळ्या डब्यामागे काय आहे हे तीन माणसांना ठाऊक. एक ताई, एक मी, आणि तिसरी समोर पांढरा एप्रन घालून बसलेली.

सिद्ध काहीच झालं नाही. पण ‘चौकशी चालू आहे’ असा कागद मात्र आला, वर्षअखेरीस नोंदणी रद्द होऊ शकते म्हणून. आणि बातमी गल्लीभर. आठवड्यात आमची अकरातली सात मुलं गेली. कुठं गेली म्हणून विचारू नका. रोज सकाळी त्यांच्या आया मान खाली घालून आमच्या दारावरून समोरच्या दारात शिरायच्या. ठेंगू आईच्या खांद्यावरून माझ्याकडे हात पसरायचा. टापटीपनं चार वर्षं आमचं अन्न खाल्लं आणि केसानं गळा कापला.

ताई रडली नाही. भांडायलाही गेली नाही. मी म्हटलं, चल, दोघी जाऊ आणि गल्लीसमोर तिची शोभा करू. तर म्हणाली, “मी मरेन तेव्हासुद्धा तिला माफ करणार नाही. पण तिच्या घरात माझी मुलं आहेत. तमाशा नको.” ‘माझी मुलं’ म्हणाली. गेलेल्या सातही मुलांचे कपडे आमच्याकडेच राहिले होते, कारण आयांना न्यायला तोंड नव्हतं. मी म्हटलं, फेकून दे. ताईनं सात पिशव्यांच्या गाठी पुन्हा आवळल्या आणि खालच्या खणात ठेवल्या. “आपले नाहीत ते,” म्हणाली. रोज एक वाजला की आमच्या चार मुलांना झोपवायची आणि मग खिडकीशी बसून समोरच्या बंद पडद्याकडे बघत राहायची. चेहरा असा की मला तिच्याशी बोलायची भीती वाटायची.

अशात कार्यालयानं जाहीर केलं की यंदा भागातल्या उत्कृष्ट घरगुती पाळणाघराचा सत्कार होणार. सन्मानपत्र, भिंतीवरचं घड्याळ, वर्तमानपत्रात फोटो. अर्ज करायचा, मग परीक्षक घरी येऊन बघणार. टापटीपनं अर्ज केला. त्यात काय लिहिलं होतं ते मला तिथल्याच एका आईनं दाखवलं: ‘मातृवस्त्र पद्धती. मी स्वतः विकसित केलेली शास्त्रशुद्ध झोपेची पद्धत.’ मातृवस्त्र! जिला तो कपडा दोन बोटांत धरवत नव्हता, तिनं त्याचं बारसं करून आपल्या नावावर लावलं होतं. मी तो कागद ताईला दाखवला. तिनं वाचला, घडी केली, परत दिला. त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्या हातून दुधाची बाटली पडली.

तेव्हा मी ठरवलं. ताईचा तोंडाला कुलूप लावायचा स्वभाव आहे, माझा नाही.

परीक्षक येणार होते सोमवारी, दुपारी एक ते दोनमध्ये. शनिवारी सकाळी मी चादर घेऊन कोपऱ्यावरच्या लाँड्रीत गेले, कारण टापटीप शनिवारी एप्रन द्यायला येते. ती आली. मी तिच्याकडे पाठ करून लाँड्रीवाल्याला म्हटलं, चांगलं मोठ्यानं म्हटलं, “यंदा परीक्षक फार कडक आहेत म्हणे. पलीकडच्या वस्तीत एका बाईचं सगळं छान होतं, पण त्यांनी मुलांचं अंथरूण उचलून हुंगलं. वास आला. तिथंच बाद!” लाँड्रीवाला म्हणाला, “काय सांगता ताई!” मी म्हटलं, “मग! लहान मुलांचं काम आहे, स्वच्छता नको?” सगळं धादांत खोटं. पलीकडच्या वस्तीत कुणी गेलं नव्हतं, कुणी काही हुंगलं नव्हतं.

टापटीपनं ऐकलं. एप्रन ठेवून गेली. अर्ध्या तासात परत आली, हातात भलंमोठं गाठोडं. मी समोरच्या बाकावर बसून बघत होते. गाऊन निघाले, टी-शर्ट निघाले, एक मरून रंगाचा स्वेटर निघाला. तो ठेंगूच्या आईचा. आमच्याकडे तिचा गाऊन राहिला म्हणून तिनं इकडे स्वेटर दिला असणार. “दोन पाण्यातून काढा,” टापटीप म्हणाली. “वासाची पावडर घाला. कडक इस्त्री.” मला इतका आनंद झाला की घरी येताना मी उगाच दोन केळी जास्त घेतली.

हे मी का लपवू? मला ठाऊक होतं काय होणार. कपडा तोच, रंग तोच, फक्त त्यातली आई धुऊन गेलेली. आणि समोर दोन परीक्षक.

सोमवारी सव्वा एकला मी आमच्या चौघांपैकी माझ्या वाट्याचं पोर झोपवलं आणि खिडकीशी आले. समोर आज पडदे धुतलेले, खिडक्या सताड उघड्या, मोकळी हवा दिसावी म्हणून. अधिकारीण आली होती, तीच, निनावी पत्रवाली. बरोबर मुलांचे एक डॉक्टर, टकले, गळ्यात चष्मा. टापटीप हात जोडून जोडून काहीतरी समजावत होती. मग तिनं एकेका मुलाला घडी घातलेला कपडा दिला.

सुरुवात एका मुलीनं केली. तिनं कपडा नाकाला लावला, बाजूला केला, पुन्हा लावला आणि तोंड वेडंवाकडं केलं. मग दुसरी. मग एकदम सगळी. अहो, अकरा मुलं! गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली. वरच्या मजल्यावरच्या बायका गॅलरीत आल्या, लाँड्रीवाला इस्त्री बंद करून बाहेर आला. टापटीप एकाला उचलतेय तर दुसरं पायाला लोंबकळतंय, एप्रनला शेंबूड, चटईवर कुणीतरी भिजवलेलं. डॉक्टर कानाशी हात नेऊन अधिकारीणबाईंना काहीतरी ओरडून सांगत होते. मी खिडकीचा गज धरून उभी होते आणि सुखानं माझ्या अंगावर काटा आला होता. घे. घे बाई. लाव आता शास्त्र.

ताई माझ्यामागे येऊन उभी राहिली. मला वाटलं होतं ती लगेच धावेल. ती धावली नाही. तिनं समोर पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिच्या ओठाचा कोपरा किंचित वर गेला. सख्खी बहीण आहे माझी, मला तो कोपरा ओळखता येतो. “जुळी आहेत ती,” ती म्हणाली. “हे कुरकुरचं. हे भोपळीचं.” एकेकाचं रडणं ओळखत होती, आणि तरी जागची हलत नव्हती. एक मिनिट गेलं, दोन गेली, चार गेली. मी हळूच म्हटलं, “अजून दहा मिनिटं जाऊ दे, ताई. नीट बघू देत त्यांना.”

आणि तेवढ्यात ठेंगू थांबला.

थांबला म्हणजे, रडत होता आणि मध्येच आवाज बंद झाला. त्याची सवय आहे ती. फार रडला की श्वास कोंडून धरतो, ओठ निळे पडतात, पालथा घालून पाठीवर हात फिरवला की सुटतो. टापटीपला ते कधी नीट जमलं नाही. मला खिडकीतून त्याचं उघडं तोंड दिसत होतं, त्यातून काहीच बाहेर येत नव्हतं.

ताई खण उघडून सात पिशव्या उचलून दारातून बाहेर गेली तेव्हा तिच्या एकाच पायात चप्पल होती. “मुलांपाशी थांब,” एवढंच म्हणाली. मी थांबले. झोपलेली चार मुलं टाकून जाता येत नाही, तो नियम आहे आमचा.

पुढचं मी खिडकीतूनच पाहिलं. ती आत शिरली, टापटीपच्या हातातून ठेंगूला अक्षरशः हिसकावून घेतलं, आपल्या हातावर पालथा टाकला, पाठीवरून एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा हात फिरवला. त्यानं श्वास घेतला आणि भोकाड पसरलं. इतकं गोड भोकाड मी जन्मात ऐकलं नव्हतं. मग ती चटईवर बसली, दातांनी पहिल्या पिशवीची गाठ सोडली आणि ठेंगूच्या गालाशी त्याच्या आईचा गाऊन दिला. तीन महिने गाठीत कोंडलेला गाऊन. दोनदा हुंगला, तिसऱ्यांदा नाक खुपसलं.

सातही पिशव्या सुटल्या. जुळ्यांना एकमेकांकडे पाठ करून ठेवलं, कारण तोंडासमोर तोंड आलं की ती हसत बसतात. भोपळीला गादी नको, जमिनीवर लागते. दहा मिनिटांत सातही झोपली. उरलेली चार तिची नव्हती, ती काही झोपली नाहीत, पण एवढी शांतता बघून तीही गप्प होऊन तिच्या अंगाला टेकून बसली. डॉक्टर गुडघ्यावर बसून झोपलेल्या एकेकाच्या पापण्या आणि नाडी बघत होते. अधिकारीणबाई पिशव्यांच्या दोऱ्यांवरची नावं वाचत होती.

टापटीप रडत होती. “माऊ,” ती म्हणाली, “तुमचे उपकार...”

ताई उठली. खिडकीशी आली, मुद्दाम आली. बाहेर सगळी गल्ली जमलेली, आणि आता सुई पडली तरी ऐकू येईल अशी.

“आता सांग यांना,” ताई म्हणाली. “मी कोणतं औषध दिलं?”

टापटीपनं झोपलेल्या मुलांकडे पाहिलं.

“चार वर्षं माझ्याकडे होतीस. सांग.”

“माऊ, मुलं उठतील...”

“मग हळू सांग. पण सांग.”

टापटीपनं एप्रनचं टोक तोंडाला लावलं. “काही नाही,” ती म्हणाली. “काही देत नव्हत्या त्या. कधीच नाही.”

“आणि पत्र?”

“मी लिहिलं.”

वरच्या गॅलरीतून कुणीतरी ‘अगं बाई’ म्हटलं. ताई तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता थोबाडीत देते. तिनं ठेंगूच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, रिकाम्या पिशव्या गोळा केल्या आणि निघाली. दारात थांबून म्हणाली, “कपडे राहू दे त्यांच्यापाशी. आणि यापुढे माझ्याशी बोलू नकोस.” आजतागायत बोललेली नाही. समोरासमोर भेटल्या तरी ताई तिच्या आरपार बघते. मला ते बघायला फार आवडतं.

इथंच संपलं असतं तर मी गल्लीभर मिरवले असते. पण ताई गल्ली ओलांडत होती तेव्हा लाँड्रीवाला आपुलकीनं पुढे आला. भला माणूस, जिभेला मात्र हाड नाही. “माऊ, धाकट्या ताईंनी शनिवारीच सांगितलं होतं हो, परीक्षक अंथरूण हुंगतात म्हणून. त्याशिवाय का त्या बाईंनी सगळे कपडे धुवायला टाकले!”

ताई घरात आली. हात धुतले, पुसले. मुलं झोपलीत का ते पाहिलं. मग मला स्वयंपाकघरात बोलावलं.

“तू सांगितलंस?”

“हो.”

“तुला ठाऊक होतं मुलं रडतील?”

“म्हणून तर सांगितलं,” मी म्हटलं. मला राग आलेला. “तिनं तुझं नाव मातीत घातलं, ताई! तू बसली होतीस मूग गिळून. कुणीतरी काहीतरी करायला नको?”

“ठेंगू रडेल हे ठाऊक होतं?”

मी ओट्यावरचा एक डबा उगाच सरकवला.

“तो श्वास धरतो हे ठाऊक होतं.”

ते विचारणं नव्हतंच. मला तिच्याइतकंच ठाऊक होतं. माझ्याच मांडीवर झोपायचा तो.

“मीही चार मिनिटं उभी राहिले,” ताई म्हणाली. “त्या चार मिनिटांचं माझं मी बघीन. तू आतल्या खोलीत यायचं नाहीस. मुलं जागी असताना नाही, झोपताना तर नाहीच.”

मला वाटलं, दोन दिवसांचा राग आहे.

अधिकारीण दुसऱ्या दिवसापासून तीन दुपारी आमच्याकडे खुर्ची टाकून बसली. चौकशी बंद झाल्याचा कागद आला, सोबत सत्कारासाठीचा कोरा अर्जही. सातातली पाच मुलं परत आली, ठेंगू पहिला. त्याची आई दारात रडली. ताई म्हणाली, “रडू नका, कपडा आणा.” आणि महिन्याभरानं सत्कार झाला, तो ताईचा. मोठं सभागृह, खुर्च्यांवर जुनी पोरं, त्यांच्या बायका, पोरं. टापटीपही आली होती, शेवटच्या रांगेत. दोन शब्द बोला म्हणून ताईला माईकपाशी उभं केलं, डावी कंबर बाहेर. ती म्हणाली, “दुपारी एक ते तीन बेल वाजवू नका.” टाळ्या थांबेनात. मी सगळ्यांत जास्त वाजवल्या. शेवटच्या रांगेकडे बघत वाजवल्या.

सन्मानपत्र तिनं दाराच्या मागे लावलंय, दार उघडं असलं की दिसत नाही. घड्याळ स्वयंपाकघरात, माझ्या डोक्यावर. मी आता भाज्या चिरते, बाटल्या उकळते, फोन घेते, बेल वाजवणाऱ्यांना हाकलते. दोन दिवसांचा राग सात महिने झाले तसाच आहे.

गेल्या सोमवारी माझी मुलगी कामावर रुजू झाली. तिचं बाळ आठ महिन्यांचं, माझा सख्खा नातू. सकाळी त्याला घेऊन आली, हातात पिशवी, पिशवीला गाठ. मला म्हणाली, “आई, रात्रभर अंगात घातलेला टी-शर्ट आहे, धुतलेला नाही, तू सांगितलं होतंस तसा.” मी हात पुढे केले. ताई मधे आली. तिनं बाळ घेतलं, पिशवी घेतली, गाठ तपासली.

“ताई,” मी म्हटलं, “हा तरी.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. टापटीपकडे बघते तसं आरपार नाही, नीट पाहिलं. “तू शेंगा निवड,” म्हणाली, आणि आतल्या खोलीचं दार लोटलं.

सव्वा एकला पडदा ओढल्याचा आवाज आला. माझा नातू जरासा कुरकुरला. त्याला उजव्या कुशीवर लागतं, मला ठाऊक आहे, पण मला कुणी विचारलं नाही. मग गाठ सुटल्याचा आवाज, आणि मग काहीच नाही. टापटीपला धडा मिळाला, मिळायलाच हवा होता, मी पुन्हा तेच करीन असं मी रोज स्वतःला सांगते. शेंगा निवडून झाल्या तरी मी तशीच बसून होते, दाराकडे कान लावून.